लिंबाच्या कुंडीसाठी गाणं

पडद्यावर गाद्या विकणारा माणूस हातोडीने टेबल बडवत होता आणि सगळा हॉल खिदळत होता. अनिएल्लो शेवटच्या रांगेत कोट न काढता बसला होता. यात हसण्यासारखं काय आहे, त्याला कळत नव्हतं.

चर्चच्या हॉलमध्ये सानिता वस्तीतल्या लोकांनी आपल्या जुन्या टीव्ही चॅनलच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. एके काळी नेपल्समध्ये कोणीही छतावर अँटेना उभा करायचा आणि चॅनल काढायचा. यांचं चॅनल चपलांच्या गोदामाच्या वर चालायचं. न्हावी गायचा, जादूगाराची कबुतरं उडून जायची, दुपारी गाद्या विकायचे आणि जेवणाच्या वेळी गाणी लावायचे. कोणीतरी कोणासाठी तरी पाठवलेली.

ती गाणी लावणारा तोतोन्नो मिलानहून, मुलीच्या घरून, खास आला होता. चॅनल बंद पडल्यापासून तो तिकडेच होता. ऐंशी ओलांडली होती, पण केस काळेकुळकुळीत रंगवलेले.

"आधी पत्ता," तो माइकवर म्हणाला. "मग गाणं. आणि नावं?"

"गाण्यानंतर," सगळा हॉल ओरडला.

"नाहीतर नावं ऐकून तुम्ही सटकायचात, भुक्कडांनो. मग आमच्या गाद्या कोण बघणार?"

पुन्हा हशा. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "काय दिवस होते."

अनिएल्लोने खिशात मूठ आवळली. दर गुरुवारी हाच आवाज त्याच्या घरात शिरायचा. 'हे गाणं तिसऱ्या मजल्यावरच्या, लिंबाची कुंडी असलेल्या बाल्कनीसाठी.' गल्लीत लिंबाची कुंडी एकच होती. त्याच्या बायकोची, आसुन्ताची. ती हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. चोरी पकडली गेली का ते बघतेय, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. दुसरं कडवं यायच्या आत तो टीव्ही बंद करायचा. त्या माणसाचं नाव त्याला स्वतःच्या घरात, तिच्यासमोर ऐकायचं नव्हतं.

हातमोज्यांच्या कारखान्यात तो कातडं कापायचा. शुक्रवारी तिथले लोक डोळे मिचकावायचे. "काय अनिएल्लो, काल ऐकलंस ना?" एकाचा दात त्याने पाडला. मग कोणी विचारलं नाही. त्यानेही कोणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे चारचौघांत कबूल करायचं.

एका वर्षअखेरीला लोक रिवाजाप्रमाणे जुन्या वस्तू बाल्कनीतून खाली फेकत होते. त्याने चालू टीव्ही उचलला आणि फेकला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. आसुन्ता आत जाऊन रडली. कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही. त्यानंतर घरात टीव्ही आला नाही. जेवताना चमच्यांचा आवाज यायचा, तेवढाच. चाळीस वर्षं.

आता ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिथल्या प्रथेप्रमाणे सोमवारी तिची हाडं जमिनीतून काढायची होती, पुसून, पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची होती. अनिएल्लोच्या कोनाड्यात दोघांपुरती जागा होती. तिच्या बहिणींच्या कोनाड्यातही जागा होती. पेटी कुठे ठेवायची, असं दफनभूमीतल्या माणसाने दोनदा विचारलं होतं, अनिएल्लोने उत्तर दिलं नव्हतं. नुसत्या संशयावर तिला आपल्या कोनाड्याबाहेर ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याला नाव हवं होतं.

कार्यक्रम संपला. लोक कोटांकडे निघाले. तोतोन्नो एका खुर्चीवर बसून कॉफी पीत होता. अनिएल्लो त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"लिंबाची कुंडी. गुरुवारची. आठवते?"

तोतोन्नोचा चेहरा उजळला. "आसुन्ता. न आठवायला काय झालं? कशी आहे?"

"मेली."

तोतोन्नोने छातीवर क्रूसाची खूण केली. त्याचे डोळे भरून आले. ते बघून अनिएल्लोचं डोकं आणखी फिरलं.

"तुझी तिची ओळख कशी?"

"दर गुरुवारी सकाळी वर चॅनलवर यायची की."

गुरुवारी सकाळी ती शिवलेले हातमोजे पोचवायला जायची. निदान तसं सांगून जायची.

"वर येऊन काय करायची?"

"कॉफी घ्यायची. बिनसाखरेची. थोडं बोलायची." तोतोन्नोने नजर कपात घातली. "काय बोलायची ते मी कोणाला सांगत नाही. तिला शब्द दिला होता."

अनिएल्लोने त्याच्या हातातला कप उडवला. कॉफी त्याच्या पांढऱ्या शर्टवर पसरली. दाराशी पोचलेले लोक वळून बघू लागले.

"म्हणजे तूच होतास."

"मी? मी काय होतो?"

"मग गाणं कोण पाठवायचं? नाव सांग. म्हातारा म्हणून सोडणार नाही, ही खुर्ची घालीन डोक्यात."

तोतोन्नो रुमालाने शर्ट पुसत होता. "तुम्ही तिचे कोण?"

"नवरा."

रुमाल थांबला. तोतोन्नो त्याच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे अनिएल्लो. तुम्ही..." तो हळू म्हणाला. "तुम्ही एकदाही गाणं संपेपर्यंत थांबला नाहीत?"

"नाव सांग."

तोतोन्नो खुर्चीचा आधार घेत उभा राहिला. त्याने कॉलर नीट केली आणि जुन्या गुरुवारच्या आवाजात म्हणाला,

"हे गाणं होतं, बायकोकडे न बघता टीव्हीकडे बघत जेवणाऱ्या अनिएल्लोसाठी. पाठवणारी, त्याची आसुन्ता."