मनोऱ्यावरच्या लेकीसाठी केलेलं पान

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आज अस्वलानं तिच्या दाराची कडी वाजवली," गप्पीदास म्हणाला आणि त्यानं मांडीवरचा लॅपटॉप नीट सरकवला.

समोर बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वाजवली?"

"दोनदा. सभ्य आहे गं अस्वल."

अख्खी गल्ली त्याला गप्पीदास म्हणायची, पण वेबसाइट बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लेक वणव्यांवर नजर ठेवायला दूर जंगलातल्या मनोऱ्यावर नोकरीला गेली, तेव्हा त्यानं खास तिच्यासाठी एक पान केलं. तिथे फोन लागत नसे, आणि हंगाम संपेपर्यंत खाली उतरायची सोय नव्हती. वनखात्याचा एकच म्हातारा संगणक, दोऱ्याएवढं बारीक इंटरनेट, आणि त्यावर स्क्रिप्ट सक्त बंद. म्हणजे जिच्या जिवावर हल्लीची पानं हलतात, डुलतात, नाचतात, तीच नाही.

ऑफिसातली पोरं हसली. "काका, स्क्रिप्टशिवाय पान म्हणजे दगडी पाटी!"

"पाटी तर पाटी. माझ्या पोरीला वाचता आली म्हणजे झालं."

त्यानं नाचणारं सगळं काढून टाकलं. वर घराचा फोटो, खाली घरची खबरबात, तळाशी तिला उत्तर लिहायला चौकट. स्वतःच्या संगणकावर स्क्रिप्ट बंद करून पान उघडून पाहिलं. चुटकीसरशी उघडलं. गडी खूश.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो चष्मा पुसायचा, पडद्याकडे जरा वेळ नुसता बघत बसायचा, मग 'लेकीनं लिहिलंय' म्हणत मोठ्यानं वाचायला लागायचा. पडद्यानं बायकोचे डोळे चुरचुरत, म्हणून ती ऐकायची. लेक गेल्यावर तिचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. निरोप सुरू झाल्यापासून दोन घास जास्त जायला लागले होते.

"अजून काय म्हणते?"

"म्हणते, ढग खिडकीतून आत शिरतात, झाडूनं हाकलावे लागतात. आणि..." खाकरून तो म्हणाला, "आणि म्हणते, बाबा, तुमची फार आठवण येते."

बायकोचे हात थांबले. शेंग तशीच बोटांत राहिली.

"थापा पुरे झाल्या आता," ती म्हणाली. "हंगाम संपला. पोर दुपारी खाली उतरली, फोन आला होता तिचा."

गप्पीदासनं हळूच लॅपटॉप मिटला. "मग कळलं म्हणायचं तुला. एकही ओळ कधी आली नाही."

"येणार कशी? रोज लिहायची हो ती," बायको म्हणाली. "तुमच्या पानावरचं ते 'पाठवा'चं बटण स्क्रिप्टवर चालणारं निघालं म्हणे; तिच्याकडे ते कधी दाबलंच गेलं नाही."