शेवाळाचे दूध

क्लेअर परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील त्या घरात फिन्टनच्या आतड्यांच्या विकारावरून सासू-सुनेचे हाडवैर जडले होते. समुद्रशेवाळातून काढलेला, औषधांना घट्टपणा आणणारा कॅरागीनन हा पदार्थ त्यास वर्ज्य आहे, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्यामुळे पत्नी ऊना जीवनसत्त्वांच्या प्रत्येक बाटलीवरील बारीक अक्षरे वाचीत असे आणि ते नाव दिसताच बाटली कचऱ्यात फेकीत असे. तथापि आतड्याचा तुकडा कापून काढण्याकरिता अखेर फिन्टनला रुग्णालयात दाखल करावेच लागले.

"तुझ्या या थेरांनी माझं पोर वाळलं," सासू नोरा खाटेपाशीच कडाडली. "मी होते म्हणून तगला. रोज तू कामावर गेलीस की किनाऱ्यावरचं शेवाळ दुधात उकळून पाजत होते त्याला."

ऊनाचा चेहरा पांढराफटक पडला. ती पतीकडे वळली.

"आणि तू पीत होतास? सगळं ठाऊक असून?"

फिन्टनने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतले.

"आईला नाही म्हणण्यापेक्षा ऑपरेशन परवडलं," तो म्हणाला. "त्यात निदान भूल तरी देतात."