खात्री करून घे

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या धाकटीला एकच धास्ती होती. बाहेर पडलं की सगळे आपल्याकडेच बघतात! वहिनी म्हणायची, "अगं, लोकांना स्वतःकडे बघायला वेळ नाही. तुझ्याकडे कोण डोळे लावून बसलंय?" शेवटी वहिनीनंच मोबाइलवरच्या ऑनलाइन समुपदेशनात तिचं नाव घातलं.

तिथल्या मॅडमनी या आठवड्याचा गृहपाठ दिला. "मनातल्या मनात कुढू नकोस. सरळ लोकांनाच विचार आणि खात्री करून घे."

 घरी खोलीचं दार लावून, पडदा ओढून, वहिनीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात धाकटी रोज आरशासमोर विचारायचं ते एकच वाक्य घोकत राहिली. आणि आज धीर करून तिनं विचारलंच, "एक विचारू? तुम्ही माझ्याकडे बघताय का?"

फुलवाली म्हणाली, "नाही गं बाई, मी गिऱ्हाइकाची वाट बघतेय." लिफ्टमधल्या आजोबांना तर चष्म्याशिवाय ती दिसलीच नव्हती. धाकटीला हसूच फुटलं. इतकी वर्षं उगाच जीव टांगणीला लावला होता!

मग बसथांब्यावर संत्रं सोलत बसलेल्या अनोळखी माणसालाही तिनं बिनधास्त विचारलं.



"हो," तो मान वर करून कौतुकानं म्हणाला, "आणि आरशासमोर अडखळत होतीस, त्यापेक्षा आज किती छान म्हणालीस."