वरच्या मजल्यावरचं कुलूप

"आजही बाहेरून कुलूप घातलं मेल्यानं!"

टेलरबाईंनी मशीन थांबवून जिन्याकडे मान वळवली. वरच्या मजल्यावरचा तो परमुलखातला माणूस किल्ली खिशात टाकून निघाला होता. आत त्याची नवी नवरी. आता दिवसभर वर चिडीचूप. ना पाय वाजणार, ना भांडं. या काळजीनं टेलरबाईंना घास गोड लागेना.

"त्यांच्यात असेल तशी रीत," काजं करता करता सून म्हणाली.

"रीत कसली डोंबलाची! कुठल्याही मुलखातली असो, बाई म्हणजे काय कोंडून घालायची वस्तू आहे? माणसासारखं जगायचा हक्क सगळ्यांना सारखाच!"

त्या तावातावानं उठल्या, कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि सुनेचा मोबाइल तिच्या हातात दिला. "लाव महिला मदत केंद्राला. मला मेलं ते साहेबी बोलणं जमत नाही. तू शिकलेली आहेस."

सून नंबर लावू लागली. मग खिडकीपाशी गेली.

"एका मुलीबद्दल सांगायचंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला एकटीला बाहेर सोडत नाहीत."

"माहेरचं कुणी फिरकत नाही, तेही सांग!" टेलरबाईंनी मागून ढोसलं.

"माहेरचं तोंड बघून वर्ष झालं. चांगली नोकरी होती, सोडायला लावली."

नोकरी आणि कुठली? पण थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय सरकारी माणसं जागची हलत नाहीत, हे टेलरबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या खूश झाल्या. सुनेला इतकं बोलता येतं हे त्यांना आजच कळलं. पत्ता सांगून झाल्यावर मोबाइल परत कपाटात गेला.

संध्याकाळी केंद्रातल्या दोघी दारात हजर. त्याच वेळी वरची नवरी हॉस्पिटलच्या गणवेशात जिना उतरत होती. मागून नवरा तिचा डबा घेऊन.

"हीच ती! विचारा तिला, कोंडतो की नाही!"

नवरी हसली. "अहो, मला रात्रपाळी असते. दिवसा झोपते. कुणी दार वाजवून उठवू नये म्हणून मीच कुलूप लावायला सांगते. मागच्या जिन्याच्या दाराची किल्ली माझ्याकडेच असते."

टेलरबाई ओशाळल्या. "अगंबाई! उगाच तुम्हाला हेलपाटा पडला हो."

"हेलपाटा कसला?" केंद्रातली मोठी बाई चप्पल काढून आत आली. "वरचं आम्हाला काही माहीतच नाही. फोन करणाऱ्या मुलीनं तळमजला सांगितलाय. तुमच्या सुनेला बोलवता?"