सर्जचा कोट

हसनमियांनी कोटाची बगलेखालची शिवण ब्लेडनं उसवली आणि कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडाला धरलं.

"जागा हाय," ते म्हणाले. "दोनी बाजूंना शिवणीच्या आत दोन-दोन बोटं माया मीच सोडली व्हती तवा. नवरदेव अंगानं भरणार, हे काय मला दिसत नव्हतं?"

समोर नुसत्या बनियनवर उभा असलेला महादू म्हात्रे हसला. तो आणि त्याची बायको हौसा सकाळच्या एस.टी.नं काल्हेरहून भिवंडीत, हसनमियांच्या शिवणाच्या दुकानात आली होती. थोरल्या लेकीचं, चंद्राचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि महादूनं एकच हट्ट धरला होता: स्वतःच्या लग्नात घातलेला कोटच लेकीच्या लग्नात घालायचा. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. कोट होता तेवढाच राहिला होता. महादू तेवढा राहिला नव्हता. बटणं काही केल्या काजांपर्यंत पोचत नव्हती.

हौसाला हे मुळीच पसंत नव्हतं. व्याही ठाण्याचे, कंपनीत नोकरीला. ते टेरिलीनचा सूट घालून येणार आणि मुलीचा बाप त्यांच्याशेजारी जुन्या कोटात उभा राहणार. "नवा शिवा, लोकं हसतील," हे ती एस.टी.त बसल्यापासून सांगत होती. पण कोट राखला होता तो तिनंच. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा सुका पाला, आणि दर नवरात्रात अंगणातल्या दोरीवर दिवसभराचं ऊन. इतक्या वर्षांत कसर म्हणून लागू दिली नव्हती.

"पण एक वांधा हाय," हसनमिया म्हणाले आणि त्यांनी कोट फळीवर पसरला.

शिवणीच्या आत दुमडलेली पट्टी आता बाहेर आली होती. ती गडद निळी होती, दौतीतल्या शाईसारखी. तिच्या अलीकडचा-पलीकडचा सगळा कोट राखेच्या रंगाचा.

"हे दुसरं कापड कुठलं लावलंत?" महादूनं विचारलं.

"दुसरं कुठलं? तुमचाच लोकरी सर्ज हाय. पुरा कोट असाच व्हता." मग त्यांनी बाकड्यावर बसलेल्या हौसाकडे पाहिलं. "भाभी, ऊन दाखवत व्हत्या काय याला?"

"दरसाल," हौसा अभिमानानं म्हणाली. "एक साल चुकवलं न्हाय."

हसनमियांनी कोटाची बाही उलटून आतून पाहिली. भिंतीपलीकडच्या यंत्रमागांची खडखड चालूच होती.

"गरम कपड्याला सावलीतला वारा बस व्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "रंग उन्हानं खाल्ला."

हौसाचा चेहरा उतरला. दर वर्षी थोडा थोडा गेला असणार, म्हणून कळलं नाही. कोट पहिल्यापासून असाच होता, असंच ती धरून चालली होती.

"त्याला इलाज हाय," हसनमिया घाईनं म्हणाले. "पुरा काला रंगवून देतो. चार दिवस लागतील. व्याह्यांना वाटंल, नवाच शिवला."

"मग तसंच करा," महादू खूश होऊन म्हणाला. "काला त काला."

हौसानं उठून कोट हातात घेतला. त्या पट्टीवरून तिचा अंगठा फिरत राहिला. लग्नात ती चौदा वर्षांची होती. मान वर करायची नाही, असं आईनं बजावलं होतं आणि तिनं ती केली नव्हती. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, बायका चिडवत होत्या, चुलीचा धूर मांडवात भरला होता. आपला नवरा कोण, कसा, तिला काहीच ठाऊक नव्हतं. खाली घातलेल्या नजरेला त्याची एक बाजू तेवढी दिसत होती, निळी. रडू आलं की ती त्या निळ्याकडे बघत बसायची. रंग तरी बरा आहे, असं तिला वाटलं होतं.

"रंगवू नका," ती म्हणाली.

"येडी का तू? दोनी बाजूंनी पट्टं दिसतील."

"दिसू द्या."

"आन सकालपासून तूच सांगतेस ना, लोकं हसतील म्हणून?"

"हसू द्या. लगनात मना तुमचं तोंड दिसलंच नव्हतं. हा रंग दिसत व्हता." तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "हाच."

हसनमियांनी मान खाली घालून उगाचच कात्री शोधायला घेतली. महादू बायकोकडे पाहत राहिला. पंचवीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. तो कानापर्यंत लाल झाला.

"ऱ्हाऊ द्या, मिया," शेवटी तो म्हणाला. "तसाच शिवा."

चंद्राचं लग्न भर वैशाखात लागलं. मांडवात नुसती काहिली होत होती. बायकांमध्ये कोटाच्या निळ्या पट्ट्यांवरून कुजबुज झाली, एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्याही. पहिली पंगत बसायच्या आधीच व्याह्यांनी टेरिलीनचा कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि ते रुमालानं वारा घेत बसले. महादूचा धाकटा भाऊ हिरामण दोनदा येऊन सांगून गेला, "दादा, काढा आता तो कोट. घेरी येल."

महादूनं कोट काढला नाही. घामाघूम होऊन तो पंगतींमधून फिरत राहिला, ज्याला-त्याला जिलबीचा आग्रह करत राहिला. आणि फिरताना, हौसाला लांबूनही दिसत होतं, दोन्ही हात त्या पट्ट्यांपासून जरा लांब धरून तो चालत होता.