बुंध्याचा घेर

साहेबांनी कलमाच्या शेंड्याला बोट लावलं आणि विचारलं, "हे कधी लावलंस?"

"मागच्या पावसाळ्यात," ठाकऱ्या म्हणाला.

"आणि ते लिंबू? तो पेरू?"

"तेबी तवयच, साहेब. बठ्ठे एकाच दिवशी लावले."

साहेबांनी हातातल्या कागदावर 'एक वर्ष' असं लिहिलं.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला तो दहा-बारा घरांचा पाडा जंगलाच्या जमिनीवर वसला होता. अठ्ठ्याहत्तर सालाच्या, म्हणजे पंधरा वर्षांच्या, आधीपासून जो राहत असेल त्याची जमीन त्याच्या नावावर होणार, बाकीच्यांनी उठायचं, असं ठरलं होतं. ठाकऱ्या आणि जमना इथं आले त्याला अठरा वर्षं झाली होती. पण कागद नव्हता. रेशनकार्ड अलीकडचं. पूर्वी गार्ड यायचा, जमीन नांगरली म्हणून दंड मागायचा आणि दंडाऐवजी कोंबडी न्यायचा. कोंबडीची पावती कोण देतो? म्हणून ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांच्या घराभोवतीची लावलेली झाडं चौकशीला आलेले साहेब बघत होते आणि झाडाच्या वयावरून राहण्याची वर्षं ठरवत होते. शेजारच्या बिजलाच्या दारात वाकडीतिकडी चिंच होती. साहेबांनी तिला टेप लावली आणि पाच मिनिटांत 'सतरा वर्षं' लिहून टाकलं.

ठाकऱ्याच्या दारातही आंबा होता. इथं आल्या साली जमनानं त्याची कोय पुरली होती. पहिली तीन वर्षं तिनं नाल्यातून मडकं आणून त्याला पाणी घातलं. पुढं थोरल्या लेकीचा झोका त्याच झाडाला बांधलेला असायचा. ती लग्न होऊन गेली तरी फांदीवर दोरीचा वळ राहिला होता. फळ लहान, रेषाळ आणि आंबट, पण उन्हाळाभर घरात लोणच्याचं मडकं भरलेलं असे.

गेल्या साली फळझाडांच्या योजनेचे रतिलाल भाऊसाहेब पाड्यावर आले. ठाकऱ्याच्या बाजेवर बसले, त्याच्या हातचा चहा प्यायले. इतक्या वर्षांत कुठला साहेब त्याच्या बाजेवर बसला नव्हता. भाऊसाहेबांनी जीपमधून केशर आंब्याची दोन कलमं, लिंबू, पेरू आणि सीताफळाची रोपं उतरवली. खड्डा किती खोल घ्यायचा, कलमाचा जोड जमिनीच्या वर कसा ठेवायचा, सगळं मायेनं समजावलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"हा रायवळ कशाला ठेवलास? याच्या सावलीत कलम जगायचं नाही. काढून टाक. चार वर्षांत केशर खाशील."

बिजला त्या दिवसांत मजुरीला सुरतेकडे गेला होता. त्यामुळे त्याला ना रोपं मिळाली, ना सल्ला.

जमना एवढंच म्हणाली होती, "या झाडले हात नको लावू."

ठाकऱ्यानं दोन दिवसांत झाड पाडलं. जळण वर्षभर पुरलं. जमनानं त्यानंतर झाडाचं नावही काढलं नाही. नव्या रोपांना मात्र ती रोज पाणी घालत होती.

आता बिजला पुढं झाला. "साहेब, ठाकऱ्या मना आधी इथं आला."

"तोंडी चालत नाही रे. इथं प्रत्येक जण दुसऱ्यासाठी हेच सांगतो."

ठाकऱ्याला एकदम सुचलं. तो धावत अंगणाच्या कडेला गेला, सुकलेल्या कडब्याचा ढीग बाजूला ओढला आणि साहेबांना हाक मारली. जमिनीपासून वीतभर वर आंब्याचा बुंधा होता. खणून काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून राहिला होता.

"मोजा, साहेब. झाड आमनं शे. बायकोनी लावेल शे."

साहेब उकिडवे बसले. टेप फिरवली, पुन्हा फिरवली. "चार फुटांच्या वर भरतोय. अठरा-वीस वर्षं नक्कीच." ठाकऱ्याच्या तोंडावर हसू आलं. त्यानं जमनाकडं पाहिलं. जमना साहेबांच्या तोंडाकडं बघत होती.

"तोडलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मीच. भाऊसाहेब बोलले म्हणून."

"त्यांनी लिहून दिलं होतं?"

ठाकऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

साहेब उठले, गुडघ्यावरची माती झटकली. माणूस वाईट नव्हता. ते हळू आवाजात बोलले. "हे बघ, ही जमीन जंगलाची. तिच्यावरचं झाड परवानगीशिवाय तोडलं तर केस होते. झाड तुझं म्हणून लिहिलं, तर जमिनीसाठी तुझं नाव वर पाठवतो. पण तोडल्याचंही त्याच कागदावर लिहावं लागेल. मग जंगलखात्याचे लोक तुला घेऊन जातील, कोर्ट चालेल, आणि केस असलेल्याला जमीन देतील की नाही, मला सांगता येत नाही. झाड तुझं नाही म्हणालास, तर मघाशी लिहिलं तेच राहील. एक वर्ष. पावसाच्या आत उठावं लागेल. काय लिहू?"

ठाकऱ्यानं बुंध्याकडं पाहिलं. कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखू येत होते. त्यातला पहिला कुठला, हेही त्याला आठवत होतं. जमीन नसली तर खायचं काय, आणि आपण तुरुंगात गेलो तर हिचं काय, त्याला काहीच ठरवता येईना.

जमना पुढं आली. तिनं कडब्याची एक पेंढी उचलून बुंध्यावर टाकली.

"आम्ही मागच्या सालीच आलो, साहेब," ती म्हणाली. "तवय हे झाड तोडेलच व्हतं."