छतावरच्या चांदण्या

"झोपणार कुठं तो? खाट दाखव," म्हणत पोलीस पॅडिला माळ्याचा जिना चढला. पत्ता खरा आहे की नाही हे पोलिसानं स्वतः पाहायचं, असा जिल्ह्याचा नियम होता. लहान मुलीवर हात टाकल्याबद्दल ड्वाइटनं तुरुंग भोगला होता. आता गाव सोडलं की तिथल्या पोलिसांना सांगायचं, नव्या गावात पोचलं की तिथल्यांना. मरेपर्यंत.

व्हर्नानं भावासाठी, ड्वाइटसाठी, खोली तयार ठेवली होती. गुलाबी भिंतींना राखाडी रंग दिला होता, बुटकी खाट चर्चला देऊन टाकली होती.

"रंग कुठून आणलास गं? बायकोनं वर्षभर डोकं खाल्लंय माझं," पॅडिलानं कपाट उघडून पाहिलं. मग त्याच आवाजात विचारलं, "घरी लहान मुलं येतात?"

"नाही."

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला? लेक येत असेल ना, पोरीला घेऊन?"

"तिला कुठला वेळ!"

ड्वाइट दारातच उभा होता. टोपी तेवढी त्यानं खाटेवर टाकली होती, खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती.

"ठीक आहे," पॅडिला म्हणाला आणि बाहेर पडताना सवयीनं त्यानं दिवा मालवला.

खिडकीबाहेर बर्फावर संध्याकाळ झाली होती. खोलीत अंधार झाला आणि छतावर प्लॅस्टिकच्या हिरवट चांदण्या उजळल्या. वर तुरळक होत्या. उतरत्या छताला, लहान हात पोचेल तिथं, दाटीनं चिकटवलेल्या होत्या.



"शनिवारी येते," वर पाहत ड्वाइट म्हणाला. "व्हर्नाची नात आहे. जोसी."

"ड्वाइट, गप्प बस!"

"तू तिला येऊ नको म्हणणार आहेस का, व्हर्ना?"



पॅडिलानं घसा खाकरला. "मग हा पत्ता चालणार नाही. गाडीत झोपणार असशील तर ती कुठं उभी करतोस ते सांग. हलवलीस, तरी सांग."

"सांगतो."

पॅडिलाचे बूट जिना उतरत गेले. व्हर्नाचा हात दिव्याच्या बटणावर होता. कितीतरी दिवसांनी तिचा श्वास आतपर्यंत गेला होता.

"दिवा लाव जरा," ड्वाइट म्हणाला. "टोपी राहिली माझी."

उजेडात आपला चेहरा त्याला दिसेल म्हणून तिनं बटणावरचा हात काढला. अंधारातच चाचपडत खाटेवरची टोपी शोधली आणि त्याच्या हातात दिली.